हळदीकुंकवाच्या गोळ्या

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको मिरच्यांची देठं मोडत बसलो होतो. वर्षभराची चटणी करायची होती, गिरणीतल्या डंकावर कांडायला नंबर लावून आलो होतो. मला ठसका लागला की ती हसायची. माझ्या हातून देठाबरोबर अर्धी मिरची तुटायची.

"अवो, देठं मोडा म्हंटलंय, मिरच्या न्हाय. फाउंड्रीत असंच काम करत हुतासा व्हय?"

"फाउंड्रीत मिरच्या न्हवत्या."

"म्हणून तर नोकरी टिकली."

ती मांडी घालून बसली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याच्या आधी बरीच वर्षं तिला मांडी घालता येत नव्हती. गुडघे वाकायचे नाहीत.

चहा ठेवायला उठली, मोरीपर्यंत गेली, "छातीत कसंतरीच हुतंय" म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. मी हात न धुताच तिला उचलली. माझ्या हाताची मिरची तिच्या गालाला, डोळ्याला लागली. ती "आई गं" पण म्हणाली नाही. तिथंच मला कळलं. रिक्षा नंतर आली.

रडायचं ते रडून झालं. आता रागाचं लिहितो.

गुडघ्यांसाठी आम्ही शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात जात होतो. तिथला डॉक्टर एक दिवस म्हणाला, बाहेरच्या देशातल्या कंपनीचं नवीन औषध आलंय, बाजारात अजून नाही, तुम्हाला फुकट देतो, तपासण्याही फुकट. गरिबाला आणि काय पाहिजे? दवाखान्यातल्या एका मॅडमनी कागद वाचून दाखवला. लग्नाला उशीर झाल्यावर भटजी भराभरा मंत्र म्हणतो, तसा. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. ही सातवी शिकलेली, मी चौथी. दोघांनीही मान हलवली. डॉक्टर वाईट कशाला सांगेल?

आणि खोटं कशाला लिहू, उतार पडला. ती माडीवर चढायला लागली. मंगळवार पेठेतून अंबाबाईला पायी जाऊन आली आणि आल्यावर मलाच म्हणाली, "तुमी दमलासा का?"

मग संक्रांत आली. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमच्या ओळखीत गुडघेदुखीच्या अजून बायका असतील ना? आम्हाला पेशंट कमी पडतायत."

"मग हळदीकुंकवाला या की. सगळ्या एका जागी घावतील," ही म्हणाली. तिला त्यात काय वाटलंच नाही. आपलं बरं झालं, तर दुसरीचं व्हावं.

हळदीकुंकवात बाप्याचं काय काम? मी बाहेर पायरीवर बसलो होतो, पण आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅडम रेशमी साडी नेसून आल्या. येताना वाण घेऊन आल्या, स्टीलच्या वाट्या. हिला ते रुचलं नाही.

"वाण घरचं असतंय, मॅडम."

"आम्ही घरचेच की काकू."

घरचेच! हळद लागली, कुंकू लागलं, वाट्या वाटून झाल्या, आणि मग मॅडमनी गुडघ्यांचं काढलं. माझ्या बायकोला सगळ्यांच्या मधी उभी केली. बसा काकू, उठा काकू. ती बसली, उठली. शेजारीण ओरडली, "असं न्हवं, फुगडी घाल, मग खरं मानतो!" तर हिनं तिचेच हात धरून फुगडी घातली. सगळ्या हसत होत्या. बाहेर मीही हसलो.

ज्या घरात हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं, त्या घरच्या बाईचा शब्द कोण मोडणार? आठवड्याभरात शेजारीण त्या दवाखान्यात गेली, तिच्या मागनं गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी गेल्या. त्या डॉक्टरच्या पाटीकडं बघून गेल्या नाहीत, त्या हिच्याकडं बघून गेल्या.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी पंचगंगेवरनं आम्ही घरी आलो आणि दुपारी मॅडम आल्या. मला वाटलं, माणुसकीनं भेटायला आल्या. माझ्या लेकीनं पाणी दिलं. "फार वाईट झालं काका," म्हणाल्या. पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "काकूंच्या राहिलेल्या गोळ्या परत लागतील. बाटलीसकट. मोजून जमा कराव्या लागतात."

माणूस जाळून आलोय आणि ही गोळ्या मोजायला आलीया.

मी विचारलं, "ह्या गोळ्यांनी गेली का ती?"

"तसं सांगता येत नाही, काका. त्यांना खरी गोळी होती की नुसतीच साधी, हे आम्हालाही माहीत नसतं. निम्म्या पेशंटना औषध नसलेली गोळी असते. कागदावर लिहिलं होतं ते."

"म्हंजे? इतके दिस तिला काय चारलं, ते तुमास्नीच ठावं न्हाय?"

"डॉक्टरांनाही नसतं. पद्धतच तशी आहे."

"मग ठावं कुणाला हाय?"

"कंपनीला."

मी तसाच उठलो आणि मॅडमच्याच रिक्षात बसून दवाखान्यात गेलो. गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरनं खुर्ची दिली, मी बसलो नाही. तो म्हणाला, वय झालं होतं, वजन होतं, कुणालाही होऊ शकतं. असेल. गोळीनंच गेली असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मला माहीत नाही. पण त्यालाही माहीत नाही, आणि तो माहीत असल्यासारखा बोलत होता.

"बाकीच्या बायकांस्नी सांगितलं का?"

"कंपनीला कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की बघू."

"कंपनीला न्हवं. माझ्या गल्लीतल्या बायकांस्नी."

"उगाच घाबरवायचं कशाला? भीतीनं मधेच गोळ्या सोडल्या, तर सगळा अभ्यास वाया जाईल. आणि तुम्हीही गल्लीत काही बोलू नका, काका. तुम्ही दुःखात आहात."

फाउंड्रीत आम्हीही नवीन मालाचा एक तुकडा फोडून बघायचो. पण तो लोखंडाचा होता. त्याला घर नव्हतं, त्याच्या शब्दावर कुणी दुसरं भट्टीत उतरलं नव्हतं. ह्या बायका माझ्या बायकोच्या शब्दावर रोज सकाळी गोळी गिळतात, आणि हा मला गप बस म्हणतो. हिनं हळदीकुंकू करायचं, फुगडी घालायची, तेव्हा चाललं. आता ती मेली, तर बोलू नका. मी त्याला शिवी दिली. ती इथं लिहीत नाही. बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकली, तेवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घातली. लेक दारात आडवी आली.

"आबा, सुतक हाय. दहाव्यापतोर कुणाच्या दारात जायचं नसतंय. लोक काय म्हंतील?"

"दहाव्यापतोर गोळ्या खातील त्या."

पहिल्यांदा शेजारणीकडं गेलो. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही, रस्त्यावरच उभा राहिलो. तिनं मला बघितलं आणि डोक्यावरचा पदर ओढून घेतला.

"भावजी, सुतकात?"

"व्हय, सुतकात. आत येत न्हाय. ऐक तेवढं." मॅडमनी आणि डॉक्टरनं जे सांगितलं ते तिला जसंच्या तसं सांगितलं. खरी गोळी, खोटी गोळी, कंपनी, सगळं.

ती माझ्यावरच चिडली. "माझा गुडघा आता कुठं वाकाय लागलाय आनि तुमी असं सांगतासा? वैनीनंच तर नेलतं मला!"

"तिनंच नेलतं, म्हणून मी आलोय. त्यांच्याकडं न्हाय, दुसऱ्या डॉक्टरकडं जा. छाती तपासून घे. मग खायाची का न्हाय ते तुझं तू ठरीव."

ती वळली. आत गेली. आतून डबे हलवल्याचा आवाज आला. ती बाहेर यायची वाट मी बघितली नाही.

दुसऱ्या घरात सुनेनं मला येताना बघूनच दार लावून घेतलं. सुतकी माणूस म्हणून लावलं असेल. मी रस्त्यावरनंच तिच्या सासूला नावानं हाक मारली, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि बंद दारासमोर उभा राहून सगळं पहिल्यापासनं सांगितलं. मग पुढच्या घराकडं गेलो.