बिरूची कानस आणि बत्तीस चंदेरी हुक

बिरूच्या मिशांचा रंग त्या दिवशीच्या कामावर ठरतो. माझ्या डायरीत तशी नोंद असते. तीन तारखेला निळ्या, नऊ तारखेला विटकरी. गेल्या मंगळवारी त्या पोपटी होत्या, आणि त्याच दिवशी त्याची गन जाता जाता राहिली.

बिरू जवळच्या निघोजे गावचा. चाकणला आमची पावडर कोटिंगची लहानशी शेड आहे. हे गेल्यापासून पुतण्या रणजीत ती सांभाळतो आणि मी दुपारपर्यंत ऑफिसात बसते. बिरू तिथे एकवीस वर्षे गन चालवतो. ही गन रंगाची कोरडी पावडर उडवते आणि उडवताना प्रत्येक कणाला विजेचा भार देते. समोर हुकाला लोखंडी वस्तू टांगलेली असते. हुक वरच्या दांड्यात, दांडा तारेने जमिनीशी जोडलेला. त्यामुळे वस्तूवर विरुद्ध भार येतो, कण तिला जाऊन चिकटतात, मग भट्टीत भाजले की रंग पक्का.

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसनी सारखे भार एकमेकांना ढकलतात हे वाक्य माझ्याकडून पन्नास वेळा लिहून घेतले होते. पाठ झाले, समजले मात्र बिरूकडून.

"वैनीसाहेब, ह्ये कण म्हंजी जावा. एकीला दुसरी खपत न्हाई. गनमधनं निघाल्या की लांब लांब फाकतात. पन म्हायेर दिसलं की समद्या पळत सुटतात. जमीन त्यांचं म्हायेर."

"आणि हुक?"

"म्हायेरची वाट. वाटंवर रंग बसला की पयल्या आलेल्या जावा तितंच अडकतात, आन् मागनं येनारीला पाय ठिवू देत न्हाईत."

म्हणून रोज सकाळी तो कानशीने बत्तीस हुकांची टोके घासतो. इतर काही साफ करताना मी त्याला पाहिलेले नाही.

मंगळवारी नव्या गिऱ्हाइकाचे तपासनीस उद्धवराव येणार होते. सोमवारी संध्याकाळी रणजीतने भिंतींना चुना काढला, कुंड्यांना गेरू लावला आणि हात शिवशिवत होते म्हणून बत्तीसही हुकांना चंदेरी ऑइलपेंट फासला.

सकाळी बिरूने ते पाहिले आणि मटकन स्टुलावर बसला.

"आरं, ह्ये काय केलंस?"

"काका, पाहुणे यायचे म्हटलं की घर रंगवतात."

"घर रंगीव की! पाव्हन्याची वाट कशाला रंगीवतो?"

"कानस द्या इकडे." रणजीतने ती माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावले आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. शेजारी एक नवी कोरी शिट्टी ठेवली. "आज एक डाग निघाला, तर उद्यापासून तुम्ही गेटवर. नवा पोरगा गन धरेल."

बिरू शिट्टीकडे बघत राहिला. "एकवीस वर्सं गन धरल्याली. आता गाड्या माघारी घ्यायला फुंकू व्हय?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी उद्धवराव आले. पांढरा शर्ट, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. व्यायामाच्या सायकलीचा सांगाडा हुकाला लटकत होता. जवळून बघायचे म्हणून ते रंग उडवायच्या लोखंडी खोक्याच्या, म्हणजे बूथच्या, तोंडाशी गेले आणि एक हात लोखंडी चौकटीवर टेकवून वाकले.

"सायेब, जरा मागं..." बिरू म्हणाला.

"काका, चालू करा!" रणजीत म्हणाला.

बिरूने चाप ओढला. पोपटी ढग सांगाड्यापर्यंत गेला, क्षणभर घुटमळला आणि सरळ उद्धवरावांकडे वळला. चौकटीला हात लावल्यामुळे तेही जमिनीशी जोडले गेले होते. जावांना नवे माहेर सापडले. कपाळ, कान, पोट, हातावरचे केस, सगळे एकसारखे पोपटी. कुठे ओघळ नाही, डाग नाही. सांगाडा मात्र ठिकठिकाणी उघडा.

"हे काय आहे?" उद्धवरावांनी मास्क काढला. मधोमध तेवढेच माणसाच्या रंगाचे तोंड.

"घाबरू नगा, सायेब. भट्टीत घालायच्या आत झटकलं की जातंय."

"भट्टीत?"

रणजीतचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी ड्रॉवर उघडला आणि कानस बिरूच्या हातात दिली. बिरूने हुकाची दोन्ही टोके आणि दांड्यावरची जागा खरवडली, सांगाडा पुसून पुन्हा टांगला. या वेळी उद्धवराव भिंतीशी, दोन्ही हात खिशात घालून उभे होते. ढग निघाला आणि एकही कण इकडेतिकडे न जाता सांगाड्यावर बसला. सांगाडा भट्टीतून निघाल्यावर उद्धवरावांनी तो भिंग लावून पाहिला.

"पास," ते म्हणाले. "फक्त आता मला साफ करा."

बिरूने हवेच्या पाइपने त्यांना साफ केले. "हात वर. आता पाठ. गोल फिरा, सायेब." ते फिरले.

दुपारी दोन ते सव्वापाच रणजीत स्टुलावर चढून उरलेले एकतीस हुक घासत होता. खाली बिरू गन मांडीवर घेऊन बसला होता, गळ्यात शिट्टी. कुठे चंदेरी ठिपका राहिला की तो फुंकायचा.

डायरीत मोजून लिहिले आहे : एकोणीस वेळा.