इथले एक कलाकार

माझ्या बापाला मी एकदा परकं केलं. ते लपवून गावाच्या आठवणी लिहिता येणार नाहीत, म्हणून आधी तेच सांगतो.

सुरगाण्याच्या डोंगरातलं आमचं गाव बोहाड्याच्या मुखवट्यांसाठी ओळखलं जातं. उन्हाळ्यातल्या या उत्सवात देवांची सोंगं निघतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, ते ठरलेलं. नरसिंह आमचा. बा लाकडात मुखवटे कोरायचा, रंगवायचा. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी नाशिकला निघालो, तेव्हा जीप हलताना तो जवळ आला. "पुढच्या साली नरसिंह तुझ्या डोक्यावर. ये."

हो म्हणालो आणि गेलो नाही. रजा मिळत नाही, असं कळवायचो. खरं तर गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेल्या माणसाने मुखवटा घालून नाचायचं, याची लाज वाटायची. बाच नाचत राहिला, गुडघे जाईपर्यंत.

दहा-बारा वर्षांनी ऑफिसातल्या लोकांना 'कलाकारांचं गाव' बघायचं होतं. त्या बाजूची वाट मला ठाऊक आहे, एवढंच मी म्हणालो आणि त्यांना घेऊन गेलो. खाली भाताची खाचरं, डोंगरावर ढग, मंडळी खूश. बा ओट्यावर उघड्या अंगाने बसून पॉलिश पेपरने मुखवटा घासत होता. एका बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"इथले एक कलाकार."

बाने हात थांबवला नाही. मग उठला. "बसा साहेब," मला म्हणाला, "पानी आनतो." आय दाराआडून बघत होती. तिने मला हाक मारली नाही.

पुढे फोनवरही तेच. "बरं हे ना, साहेब?"

दोन वर्षं तसा फोन ऐकला आणि बोहाड्याच्या आधी एकटाच गेलो. बा म्हणाला, "यंदा नरसिंहाला डोकं नाय." मी त्याच्यापुढे बसलो. मुखवटा आतून नीट बसावा म्हणून तो सुतळीने माझं डोकं मोजू लागला. दिसत कमी होतं, बोटांनी चाचपत होता.

"साहेबांचं डोकं लय मोठं झालं," तो म्हणाला. ओट्याखाली बसलेली भावकी हसली.

माझं खोटं जिथे सगळ्यांना माहीत आहे, तेच आता माझं घर. फ्लॅटमध्ये ते कुणालाच माहीत नाही.

मी त्याचा सुतळीचा हात धरला. भावकी ऐकत होती, ऐकू दिलं.

"बा, त्या दिवशी तुला बाप म्हनायला मी लाजलो. लय चुकलो. माफ कर."