हीट पंपाला घातलेली गादी

आम्ही पाणी तापवायचं यंत्र भर एप्रिलमध्ये विकत घेतलं. दारव्ह्यात त्या वेळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपलं आपणच तापत होतं.

यात माझा विचार असा होता. हे साधं गीझर नव्हे, हीट पंप. तो आजूबाजूच्या हवेतली गरमी ओढून घेतो आणि पाण्याला देतो. दुकानदाराने हे समजावलं तेव्हा मला वाटलं, हे यंत्र खास आमच्या जिल्ह्यासाठीच काढलंय. कापूस बुडेल, तूर बुडेल, पण गरमीचं पीक आमच्याकडे कधी बुडालेलं नाही! शिवाय हिवाळ्यात आई चुलीसमोर फुंकत बसते ते थांबेल, म्हणून आधीच घेऊन ठेवू, असा दूरदर्शी बेत. (दूरदर्शी हा माझा शब्द. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, दुसरा वापरला होता.)

यंत्र मागच्या अंगणात बसवलं, आमच्या आणि शेजारच्या सुमनकाकूंच्या मधल्या जाळीच्या भिंतीलगत. बटण दाबलं आणि अंगणात सोयाबीनचं थ्रेशर लागल्यासारखा आवाज सुरू झाला. मी म्हटलं, आवाज आहे म्हणजे जोर आहे. जोर मोजायला घरात ताप पाहायचं थर्मामीटर तेवढं होतं, ते बादलीत बुडवलं. ते टीटी करून ओरडलं आणि कायमचं गेलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"बादलीचा ताप कायले मोजून राह्यला रे? हात घालून पाह्य ना," ती म्हणाली.

हात घातला. तोही थोडा वेळ गेल्यासारखाच झाला. म्हणजे यंत्र उत्तम होतं.

बिनसलं ते पुढे. आई आणि सुमनकाकू म्हणजे लग्न होऊन या गल्लीत आल्यापासूनच्या मैत्रिणी. दुपारची भांडी आटोपली की आई भिंतीपाशी जाऊन हाक मारायची आणि पलीकडून काकू यायच्या. यंत्र आलं आणि काकूंनी ओ देणंच बंद केलं. आईने एक दिवस हाक मारली, दुसऱ्या दिवशी मारली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर वाटी आपटून मारली. पलीकडून चूं नाही. सकाळी जाऊन विचारून ये, असं मी सुचवलं. पण रुसलेल्या माणसाच्या दारात जायचं नसतं असा आईचा जुना बाणा. तिने निकाल माझ्यावर दिला.

"तुह्या त्या मशीनच्या आवाजानं माही सुमन तोडली," असं म्हणताना तिचे डोळे खरंच भरले. मला फार वाईट वाटलं. त्यात कुरडयांचा गहू भिजलेला. चीक शिजत आला की तो नेमका कधी उतरवायचा हे आमच्या गल्लीत एकट्या काकूंच्या हाताला कळतं. गहू वाटून चीकही तयार झाला होता, आणखी एक दिवस गेला की आंबून वाया. आईने काकूंशिवाय कुरडया घालायच्या नाहीत असं जाहीर केलं. (चीक फेकू देणार नाही, हेही जाहीर केलं. दोन्ही कसं जमायचं ते माझ्यावर सोडलं होतं.)

मी आवाजाच्या मागे लागलो. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून यंत्राच्या पायांखाली सारली. त्याने थ्रेशर जरा लांबच्या शेतात गेल्यासारखं वाटलं, एवढंच. मग डोक्यात आलं, आपण कापसाची माणसं, आवाज पिऊन टाकायला कापसासारखी वस्तू नाही! माळ्यावरची एक जाड गादी काढली, यंत्राला चहूबाजूंनी गुंडाळली आणि वर बैलाचा कासरा करकचून आवळला. आवाज असा बसला की मीच कान लावून पाहिलं. मी मिशीवरून हात फिरवत आत येऊन दुपारचा झोपलो.

उठलो तेव्हा नळाला कोमट पाणी येत होतं आणि गादीतून थेंब गळत होते. कासरा सोडला तर आत बर्फ. मे महिना तोंडावर, बाहेर लाही फुटायची वेळ आणि माझ्या अंगणात चक्क बर्फ! यंत्राला श्वासच घेता आला नव्हता. त्याने एक लांब आचका दिला आणि ते बंद पडलं. वैशाली धावत आली. तिने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या माहेरची गादी हाये ते," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. आता माझ्याशी बोलणारं घरात कोणी उरलं नाही.

त्या शांततेत भिंतीपलीकडे खाट करकरली आणि सुमनकाकूंचं डोकं वर आलं. केस विस्कटलेले, चेहरा संतापलेला. मी माफी मागायला हात जोडले.

"काहून बंद केलं रे दिलीप?" काकू म्हणाल्या. "कितीक वर्षानं उन्हाळ्यात झोप लागून राह्यली मले, तेही पाहावलं नाही तुले?"

मग कळलं. यंत्र गरमी काढून घेतं आणि उरलेली गार हवा पंख्याने जाळीतून पलीकडे फेकतं. कूलरच्या ओल्या हवेने काकूंचे गुडघे धरतात, ही हवा मात्र कोरडी गार. पहिल्याच दिवशी त्यांनी खाट भिंतीला लावली होती आणि रोज दुपारी त्या पार गाढ झोपत होत्या. आई पुढे झाली. एवढ्या हाका मारल्या, एकीलाही ओ दिली नाहीस, म्हणाली. आवाज कमी होता त्या मशीनचा, का झोप कमी होती माझी, काकूंनी विचारलं. दोघी हसल्या, मग आईने डोळे पुसले आणि तसंच काकूंना स्वयंपाकघरात ओढत नेलं. चीक वेळेवर चुलीवर चढला. कुरडया गच्चीभर वाळल्या, इतक्या पांढऱ्या की वैशालीसुद्धा माझ्याशी दोन शब्द बोलली.

बर्फ वितळल्यावर यंत्रही सुरू झालं. मात्र एक अडचण निघाली. पाणी पूर्ण तापलं की ते थांबतं, आणि ते थांबलं की काकूंना जाग येते. चालू ठेवायचं तर गरम पाणी कोणीतरी सतत वापरायला हवं. यावर आई आणि काकूंनी भिंतीपाशी विचारविनिमय केला. मला बोलावलं नव्हतं.

तेव्हापासून भर दुपारी, डांबर वितळतं त्या वेळेला, मी न्हाणीघरात वाफा सोडत बसलेला असतो. जरा हात आखडला की दारावर टकटक होते आणि आई हळूच म्हणते, "आणखी दोन बादल्या घे बाप्पा, सुमनचा आत्ताच डोळा लागला."

उन्हाळ्यात पुण्य म्हणून कोणी पाणपोई घालतं, कोणी वाटसरूसाठी मांडव टाकतं. मी आंघोळ करतो.