प्रमिलाताई आणि पालथी होडी

प्रमिलाताई गेल्याचा फोन भाच्यानं केला, तेव्हा मी उमरखेडच्या स्टँडवर होतो. गाडी लागली होती, ती मी जाऊ दिली... माझी थोरली बहीण. कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि धरणावरच्या आमच्या क्लबात शिडाची होडी चालवणारी ती एकटीच बाई.

क्लब म्हणजे काय, तर ठेकेदार, निवृत्त साहेब आणि त्यांचे गॉगल. कापसाला कोणी विचारत नव्हतं ती वर्षं. घरोघरी पांढरे ढीग पडून होते, आणि ही मंडळी काठावर मंडप टाकून एकमेकांना हार घालत. "याइले पाणी फोटोपुरतं लागते," ताई म्हणायची. पण होड्या क्लबाच्या, म्हणून जायची.

एका उन्हाळ्यात शर्यतीच्या दिवशी असा वारा सुटला की मंडपाचं कापड टराटरा फाटलं. निम्म्यांनी होड्या पाण्यात घातल्याच नाहीत. अध्यक्षांनी घातली, कारण पाहुणे बघत होते. ताईच्या हाती सुकाणू, आणि होडी कलंडू नये म्हणून मी होडीबाहेर पार झुकलेलो. शेवटच्या वळणावर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. तेवढ्यात मागे अध्यक्षांची होडी पालथी झाली. त्यांचा पुतण्या त्यांच्या अगदी जवळून गेला... थांबला मात्र नाही.

"ताई, जिंकून राह्यलो आपण!" मी ओरडलो.

"गाढवा, माणूस बुडून राह्यला थो!"

तिनं होडी वळवली, जवळ जाताच शीड मोकळं सोडलं आणि "ताई, ताई" करणाऱ्या त्या देहाला कॉलर धरून आत ओढलं. पुतण्या पहिला आला. मदतीला थांबलेल्याचा गेलेला नंबर भरून देतात, असा शर्यतीचा नियमच आहे. ताईनं तो सांगितला. "ते मोठ्या समुद्रावरचं," अध्यक्ष म्हणाले. केस अजून ओले होते त्यांचे! कप पुतण्याला दिला, ताईला शाल-नारळ.

"साहेब, पाण्यात तर ताई-ताई करत होते. आता काहून विसरले?" ताई म्हणाली.

साहेब फोटोग्राफरकडे बघून हसले. ताई शाल घेऊन काठावर उतरली आणि सगळ्यांच्या देखत तिनं होडीतलं पाणी त्या शालीनं पुसलं. पिळली, पुन्हा पुसलं.

शोकसभा क्लबातच झाली. अध्यक्ष आता थकलेत, पण माइक दिसला की उभे राहतात. म्हणाले, "प्रमिला मला मुलीसारखी. एकदा वादळात मीच तिला बुडताना ओढून काढलं होतं..." माणसं हळहळली. कोणी तरी रुमाल काढला.

मी उभा राहिलो. "साहेब, बुडत तुम्ही होते. तिनं तुम्हाला ओढलं, कॉलर धरून. मी होतो होडीत."

सूत्रसंचालक घाईघाईनं म्हणाला, आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. सगळे उठून उभे राहिले. अध्यक्ष तेवढे खाली बसले.