सुनीताबाईंचं काचघर

विचुंब्याच्या सुनीता देवस्थळी दिवसा पनवेलच्या एका पतपेढीत नोकरी करतात आणि संध्याकाळी एका बेटाच्या मालकीण असतात. बेट कम्प्युटर गेममधलं आहे, पण काळजी खरी. परवा तिथे हिवाळा तोंडावर आला होता. बर्फाआधी काचघर उभं राहिलं नसतं तर टोमॅटोची सगळी रोपं मेली असती.

काचेला नुसती वाळू पुरत नाही. सोडा घातल्याशिवाय ती भट्टीत वितळतच नाही. सुनीताबाईंनी समुद्रातलं शेवाळ वाळवून जाळलं, राख पाण्यात कालवून आटवली आणि पांढराशुभ्र सोडा केला. तो इतका सुरेख झाला की वापरवेना. त्यांनी तो गोदामात रचून ठेवला.

"अगं, घाल की भट्टीत!" न्हावा शेवा बंदरात कंटेनर सोडवण्यात आयुष्य घालवलेले त्यांचे यजमान चारुदत्त म्हणाले.

"असू दे हो. पुढे चांगल्या कामाला होईल."

"कुठल्या? टोमॅटोंच्या तेराव्याला?"

तेवढ्यात बर्फ भुरभुरू लागला. सुनीताबाईंनी डोळे मिटून सगळा सोडा भट्टीत ओतला. वाळू लाल झाली, मधासारखी वाहू लागली, तावदानं निघाली. भिंती झाल्या, छप्पर बसलं. बाहेर बर्फाचा थर, आत रोपं हिरवीगार.

"जगले! अहो, सगळे जगले!" ही बातमी समोरच्या इमारतीलाही कळली.

चारुदत्तांचा हात माऊसकडे गेला. "मला एक काच करू दे ना."

"सोडा संपला. आधी शेवाळ गोळा करा."

घरात आजवर कोथिंबीरही न निवडलेले चारुदत्त बाह्या सरसावून शेवाळ गोळा करायला बसले.