जाऊबाईंचा दगड

भोरला संस्थानाच्या काळातल्या जुन्या कचेरीत दगडांचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे माझा दगड थोरल्या जाऊबाईंच्या नावाने मांडला होता. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वरवे गावच्या आमच्या विहिरीत सुरुंग लागले, तेव्हा फुटलेला दगड आम्ही दोघी जावाच घमेल्यांनी वाहत होतो. एक धोंडा एवढा मोठा असून हाताला हलका लागला, म्हणून मी तो बाजूला ठेवला. फोडला तर आत पोकळ, आणि पोकळीभर पांढऱ्या सुयांचे झुपके. पुढे पुण्याच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे सर असले दगड गोळा करत आले, तेव्हा मी नेमकी शेतावर भाकरी घेऊन गेले होते. कुणाला सापडला, असं त्यांनी विचारलं आणि जाऊबाई खुशाल म्हणाल्या, "मला."

प्रदर्शनाला आम्ही एसटीने गेलो. जाऊबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या, वर नथ. दगड बघायला नथ! मी वाटभर खिडकीबाहेर तोंड करून बसले.

कचेरीच्या सागवानी खांबांमध्ये टेबलांवर काळा कातळ, लाल मातीचे थर, गारगोट्या असं काय काय होतं. आमचा दगड मात्र मधोमध, चौरंगावर, लाल कापडावर. सर सांगत होते, दगडाचा तापलेला रस थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपून हे स्फटिक वाढले. लोक दगडाकडे बघायचे आणि मग जाऊबाईंकडे. मला ते बघवत नव्हतं.

त्यात गुंजवण्याकडच्या काही बायका आल्या. त्यांनी चौरंग बघितला, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि सरळ दगडाला हळदकुंकू वाहिलं. पांढऱ्या सुया लालपिवळ्या झाल्या.

सर धावत आले. "अहो बाई, देव नाही तो, दगड आहे!"

"मग देव काय येगळा असतोय व्हय?" एक बाई म्हणाली आणि बोटाला राहिलेलं कुंकू तिने जाऊबाईंच्या कपाळाला लावलं. "तुमास्नी घावला. लई नशिबाच्या तुमी."

मग मात्र माझ्याने राहवेना. बाहेर पायरीवर मी जाऊबाईंना गाठलं. "दगड मला घावला. माझं नाव का न्हाई सांगितलं?"

"व्हय, तुलाच घावला," चपला घालता घालता त्या म्हणाल्या. "इहिरीला पाणी लागलं तवा वटी भराया तुला बोलावलं, लेकुरवाळी म्हणून. बारशाला तू, डोहाळजेवणाला तू. मला कुणी हाक मारली? आज पयल्यांदा कुणी लेकरं किती, ह्ये न इचारता कुंकू लावलं."

स्टँडवर आमच्या गावच्या बायका भेटल्या. "तुमचा दगड मांडलाय म्हनं. कुणाला घावला गं?"

"थोरल्या बाईंना," मी म्हणाले. म्हणताना जीव जळायचा तो जळलाच.