निरगुडीच्या फांद्या
सून गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधते, तेव्हा त्या कडवट वासाने मला खालापूरकडचा आमचा तलाव दिसतो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. तलावाचं पाणी सोडायची मोरी माझ्या बापाच्या ताब्यात असे. आषाढात पाणी काठच्या गवतात चढायचं आणि मासे तिथे अंडी घालायचे. पिल्लं सुटेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, अशी गावाची रीत. "अंडी दिसली की खुणेला फांदी रोव, पोरी," बाप सांगायचा. मी चिखलात उतरून निरगुडी रोवायची. एका सकाळी पाहिलं, तर पाणी हातभर उतरलेलं. उघड्या गवतावर अंडी सुकत होती आणि माझ्या प्रत्येक फांदीपाशी तुटक्या अंगठ्याच्या पायाचे ठसे होते. तो पाय बापाचाच. घरी पडवीत तालुक्याचा साहेब जेवत होता, पानात तळलेली गाभोळी, माशांच्या पोटातली अंडी. "बा, गाभोळीचे मासे धरायला मोरी तू उघडलीस?" "गप ऱ्हा गं. वाढ सायबाला." मी वाढलं. संध्याकाळी गाव जाब विचारायला आलं, तेव्हा माझ्याकडे न बघता बाप म्हणाला, "पोरीच्या हातनं मोरी उघडी ऱ्हायली." मी मान खाली घातली. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली. मोरी मी उघडली नव्हती.